इंग्रजीतलं जर-तर

‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य सर्रास कानावर पडतं. बोलणारा शिकलेला असतो, इंग्रजीवाचून त्याचं कुठे अडत नाही, तरी परीक्षकाच्या लेखी वाक्य चूक. पहिल्या तुकड्यात ‘वुड हॅव’ नको, ‘हॅड’ पाहिजे: ‘इफ आय हॅड नोन’. चूक दाखवली की माणूस ओशाळतो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच बोलतो. इतकी चिवट चूक निव्वळ हलगर्जीपणाची नसते. तिच्यामागे तर्क असतो, आणि या चुकीमागचा तर्क चांगला भक्कम आहे.

‘मला कळलं असतं, तर मी आलो असतो.’ मराठी दोन्ही तुकड्यांत क्रियापद एकाच घडणीचं ठेवते. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ पाठ केले होते, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यातला हा संकेतार्थ. संस्कृतातही तीच रीत. न घडलेल्या गोष्टीसाठी पाणिनीनं लृङ् सांगितला आणि त्याला अट घातली क्रियातिपत्तीची, म्हणजे क्रिया तडीस न जाण्याची. चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता, या अर्थाचं जे उदाहरण संस्कृतचे विद्यार्थी घोकतात, त्यात दोन्ही क्रियापदं लृङ् मध्येच आहेत. जर्मन माणूसही दोन्हीकडे एकाच जातीचं रूप वापरतो. एवढंच कशाला, खुद्द इंग्रजीची जुनी रीत हीच होती. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मार्था येशूला म्हणते, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्या इंग्रजी वाक्यात दोन्ही तुकड्यांत ‘हॅड’ आहे, ‘वुड हॅव’चा पत्ता नाही. पुढे इंग्रजीनं ही जोडी फोडली: अटीला ‘हॅड’, परिणामाला ‘वुड हॅव’. अमेरिकेत आजही बोलताना पुष्कळ लोक ‘इफ आय वुड हॅव’ म्हणतात आणि तिथले शुद्धलेखनवाले त्यावर लाल शाई ओततात. तेव्हा आपला विद्यार्थी चुकतो, तो पाणिनीच्या आणि मार्थाच्या बाजूनं चुकतो.

वर्गात हे सांगितलं जातं का? सहसा नाही. वर्गात सांगितले जातात ते नंबर.

झिरो कंडिशनल, फर्स्ट, सेकंड, थर्ड. बाजारातलं कुठलंही गाईड उघडा, फाडफाड इंग्लिश शिकवणाऱ्या कुठल्याही क्लासची वही बघा, हेच चार मथळे. बर्फ तापवला की वितळतो, हा झिरो. पाऊस पडला तर मी येणार नाही, हा फर्स्ट. माझ्याकडे कोटभर रुपये असते तर जग फिरलो असतो, हा सेकंड. अभ्यास केला असता तर पास झालो असतो, हा थर्ड. आणि या चारांत न मावणाऱ्या वाक्यांची सोय लावायला ‘मिक्स्ड’ नावाचा एक पाचवा मथळा, जो बहुतेक सर ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडून देतात.

ही आकडेमोड फार जुनी नाही. आपल्याकडे ज्यावर कित्येक पिढ्या पोसल्या त्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणाचा जन्म १९३० च्या दशकातला. त्यातला रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन, तो मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. त्या परंपरेत भर होता तो क्रियापदाच्या ‘मूड’वर, म्हणजे आपल्या व्याकरणातल्या ‘अर्था’वर. टाइप वन, टाइप टू, टाइप थ्री ही मांडणी जगभर पसरली ती थॉमसन आणि मार्टिनेट यांच्या १९६० च्या ‘अ प्रॅक्टिकल इंग्लिश ग्रामर’सारख्या पुस्तकांतून, परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याचा धंदा वाढला तेव्हा. गंमत अशी, की याच धंद्यातलं सगळ्यांत नावाजलेलं पुस्तक, रेमंड मर्फीचं १९८५ चं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’, धड्यांच्या मथळ्यांत नंबर देतच नाही. ‘इफ आय डू’, ‘इफ आय डिड’, ‘इफ आय हॅड नोन’ अशी साधी रूपंच मथळ्यात घालतं. २०११ मध्ये जोन्स आणि वॉलर या दोघांनी ‘ईएलटी जर्नल’ या इंग्रजी शिक्षकांच्या नियतकालिकात या चार कंडिशनलच्या अडचणीवरच लेख लिहिला. शिक्षकांमधली कुरकुर त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

अडचण काय ते तीन वाक्यांत दिसतं. ‘इफ यू हॅव फिनिश्ड, यू कॅन लीव्ह.’ ‘इफ यू आर टायर्ड, गो होम.’ ‘इफ ही वॉज इन द ऑफिस येस्टरडे, ही मस्ट हॅव साइन्ड द मस्टर.’ तिन्ही रोजची, तिन्ही शुद्ध, आणि चारांपैकी एकाही मथळ्याखाली नीट बसत नाहीत. तिसरं तर घातक आहे. त्यात भूतकाळ दिसला की नंबर पाठ केलेला मुलगा त्याला ‘सेकंड’ म्हणतो आणि अर्थ लावतो, ‘तो काल ऑफिसात असता तर’. वाक्य म्हणतंय, ‘तो काल ऑफिसात असेल तर मस्टरवर सही असणारच, जा बघून ये’. असता आणि असेल यांत केवढा फरक आहे ते मराठी माणसाला सांगायला नको.

मग खरी किल्ली कुठली? ती व्याकरणकारांना सापडून शंभर वर्षं होत आली. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडितानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवलं, की इंग्रजीतलं भूतकाळी रूप पुष्कळदा काळ सांगतच नाही, कल्पना सांगतं. क्वर्क आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी १९८५ च्या आपल्या जाडजूड व्याकरणात इंग्रजी अटींचे मुख्यतः दोन वर्ग केले: शक्यता खुली ठेवणाऱ्या आणि कल्पनेतल्या. हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ च्या केंब्रिज व्याकरणात त्यांना खुल्या आणि दूरच्या अटी म्हटलं. त्याच सुमारास, २००० साली, सबीन इयाट्रिडू या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी ग्रीक आणि इतर भाषा घेऊन दाखवलं, की वास्तवापासून दूर जायला भूतकाळाचं रूप उसनं घेणं ही एकट्या इंग्रजीची खोड नाही. अशा भूतकाळाला त्या ‘फेक पास्ट’ म्हणतात, लटका भूतकाळ.

सगळ्याचं सार एवढंच: गोष्ट खुली असेल तर क्रियापद आपल्या जागी ठेवायचं. ती वास्तवापासून दूर आहे असं सुचवायचं असेल तर क्रियापद एक पायरी मागे न्यायचं. ‘डू’चं ‘डिड’, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’. गोष्ट दूरचीही आहे आणि वर भूतकाळातलीही आहे, तर दोन पायऱ्या. ‘डू’चं ‘हॅड डन’, ‘विल’चं ‘वुड हॅव डन’. दोन्ही तुकडे आपापल्या पायऱ्या स्वतंत्रपणे मोजतात. ‘तेव्हा फ्रेंच शिकलो असतो, तर आज पॅरिसमध्ये असतो’: शिकणं मागचं, म्हणून दोन पायऱ्या, ‘हॅड लर्न्ट’, असणं आजचं, म्हणून एक, ‘वुड बी’. झालं, ‘मिक्स्ड’चा बागुलबुवा संपला. त्याला वेगळा मथळा कधी लागतच नव्हता.

आणि भूतकाळाचं रूप काळाखेरीज इतर कामाला जुंपणं आपल्याला नवीन आहे थोडंच? आईनं हाक मारली की मुलगा जागचा न हलता ओरडतो, ‘आलोच!’ क्रियापद भूतकाळी, येणं अजून व्हायचंय. साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, ‘सर, जरा बोलायचं होतं.’ बोलायचं आता असतं. ‘होतं’ म्हटल्यानं विनंती अदबशीर होते. कापडाच्या दुकानातला माणूस ‘काय पाहिजे होतं?’ असं विचारतो, तेव्हा गिऱ्हाईक काही ‘काल साडी पाहिजे होती, आज नको’ असं उत्तर देत नाही. इंग्रजीतलं ‘आय वॉन्टेड टु आस्क’, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो’ हे सगळं याच कुळातलं. अदब म्हणजेही अंतर, आणि अंतर दाखवायला दोन्ही भाषा मागची पायरी वापरतात.

अटीतही आपण हेच करतो. ‘पाऊस पडला तर पेरणी होईल.’ पाऊस उद्याचा, क्रियापद ‘पडला’. भविष्यातल्या अटीला मराठी भूतकाळी रूप लावते आणि इंग्रजी वर्तमानकाळी: ‘इफ इट रेन्स’. भविष्याचं रूप नेमकं या जागी दोन्ही भाषांना नको असतं. तेव्हा ‘इफ इट विल रेन’ असं लिहिणारा मुलगा मराठीतून भाषांतर करत नसतो. तो ‘उद्या म्हणजे विल’ हे वर्गातलं सूत्र इमानानं पाळत असतो. त्याला मराठी वाक्य आधी म्हणायला लावलं असतं, तर निदान ‘विल’ आलं नसतं.

मराठी माणसाची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती या नंबरांच्या गलक्यात कुणी बोलून दाखवत नाही. ‘माझ्याकडे गाडी असती, तर मी तुला स्टेशनवर सोडलं असतं.’ ही गोष्ट आजची की कालची? वाक्यावरून कळत नाही. मित्र समोर बॅग घेऊन उभा आहे तेव्हाही आपण असंच म्हणतो आणि त्याची गाडी काल चुकली हे कळल्यावरही असंच म्हणतो. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. मित्र समोर उभा आहे: ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू.’ काल चुकली: ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू.’ मराठीतला एक संकेतार्थ इंग्रजीत दोन ठिकाणी फुटतो. म्हणून आपल्याकडच्या माणसाच्या तोंडी आजच्या गोष्टीलाही ‘वुड हॅव’ येतं: ‘मी तुझ्या जागी असतो तर गेलो नसतो’ याचं बिनदिक्कत ‘आय वुड नॉट हॅव गॉन’ होतं, समोरचा अजून निघायचा असला तरी. वर्गात दहा मिनिटं द्यायची तर या एका गाडीच्या वाक्याला द्यावीत.

उलट एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा उजवी आहे. १९७० मध्ये अर्नेस्ट अ‍ॅडम्स या तत्त्वज्ञानं अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या खुनावरून, ज्याचा आरोपी ओस्वाल्ड होता, वाक्यांची एक जोडी मांडली, तिच्यावर अजून चर्चा चालू आहे. एक: ओस्वाल्डनं केनेडींना मारलं नसेल, तर दुसऱ्या कुणीतरी मारलंय. दोन: ओस्वाल्डनं केनेडींना मारलं नसतं, तर दुसऱ्या कुणीतरी मारलं असतं. पहिलं मान्य करावंच लागतं, कारण केनेडी मेले हे तर खरं. दुसरं मान्य करायचं म्हणजे कटाची कहाणी मान्य करायची. इंग्रजीत या दोहोंतला फरक ‘डिड नॉट किल’ आणि ‘हॅड नॉट किल्ड’ एवढ्यावर पेलला जातो, आणि त्यातलं ‘डिड नॉट’ हे खरंखुरं भूतकाळी आहे, लटकं नाही. मराठीत ‘नसेल’ आणि ‘नसतं’ म्हटलं की प्रश्न मिटतो. कोणत्याही इंग्रजी अटीच्या वाक्याचा अर्थ लागेना झाला, की त्यात ‘असेल’ बसतं की ‘असता’, एवढं बघावं.

खुली अट म्हणजे घडण्याजोगी अट, असंही पुस्तकं सांगतात. ते अर्धंच खरं. लॉटरीचं तिकीट एकच आहे, लागायची शक्यता तेवढीच आहे, पण आशावादी माणूस ‘इफ आय विन’ म्हणतो आणि त्याची बायको ‘इफ यू वन’ म्हणते. पायरी ठरवतो बोलणारा. पगाराच्या वाटाघाटीत हे फार कामाला येतं. ‘इफ यू ऑफर मी ट्वेल्व्ह लाख्स, आय विल जॉइन’ म्हणजे शब्द दिला. कंपनीनं उद्या आकडा मान्य केला तर मागे फिरायची पंचाईत. ‘इफ यू ऑफर्ड मी ट्वेल्व्ह, आय वुड कन्सिडर इट’ म्हणजे अजून सगळं हवेत, दोघांनाही मोकळं राहता येतं. दोन्ही वाक्यं व्याकरणानं निर्दोष. कुठलं कधी वापरायचं हे नंबर पाठ करून येत नाही.

आता ‘इफ’नंतर ‘विल’ कधीच नाही, या ब्रह्मवाक्याकडे. भारतीय करार कायदा, १८७२ चा. त्यातली कलमं ३१ ते ३६ ही अटीवर अवलंबून असलेल्या करारांची आहेत, म्हणजे कायद्यातलं जर-तरच. कलम ३४ च्या उदाहरणात ‘अ’नं ‘ब’ला रक्कम द्यायची आहे ती ‘ब’चं ‘क’शी लग्न झालं तर, तिथे ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ. दोनच कलमं पुढे, ३६ मध्ये, अशक्य अटींची उदाहरणं. पहिलं फार सुरेख आहे: दोन सरळ रेषांनी जागा वेढली गेली तर हजार रुपये देईन. असा करार रद्दबातल. त्या वाक्यात ‘इफ’नंतर ‘शुड’ आहे. दुसऱ्यात ‘अ’च्या मुलीशी लग्न केलं तर ‘ब’ला हजार रुपये, आणि मुलगी तर आधीच वारलेली; तिथे ‘इफ’नंतर चक्क ‘विल’. मसुदा लिहिणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं असं कोण म्हणेल? ते ‘विल’ भविष्यकाळाचं नाही, राजीखुशीचं आहे: लग्नाला तयार असशील तर. आजही ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ म्हणजे जरा थांबायची तयारी असेल तर. ‘इफ यू विल स्मोक सो मच’ म्हणजे एवढ्या सिगरेटी ओढायचा हट्टच असेल तर. मराठीत ‘थांबणार असशील तर’ म्हणतो तेव्हा आपणही तेच करतो. म्हणून नियम थोडा सैल करून सांगावा: निव्वळ भविष्य दाखवायला ‘इफ’नंतर ‘विल’ नको, मर्जी, हट्ट, तयारी दाखवायची असेल तर खुशाल घ्या.

काही ‘इफ’ तर अट घालतच नाहीत. जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं १९५६ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढच्या व्याख्यानात बिस्किटांचं उदाहरण दिलं: हवी असतील तर साइडबोर्डवर बिस्किटं आहेत. नको असतील तर बिस्किटं नाहीशी होतात का? तेव्हापासून तत्त्वज्ञानात या प्रकाराचं नावच बिस्किट कंडिशनल पडलं. आपल्या घरातलं ‘भूक लागली असेल तर डब्यात लाडू आहेत’ हे वाक्य अगदी त्याच मापाचं. इव्ह स्वीटसर या विदुषीनं १९९० मध्ये यावरून तीन थर सांगितले. एक जगातल्या घडामोडींचा: पाऊस पडला तर पीक येईल. दुसरा अनुमानाचा: दिवा चालू असेल तर तो घरी आहे, दिव्यामुळे तो घरी आलेला नसतो, आपण दिव्यावरून ताडतो. तिसरा बोलण्याच्या कृतीचा: लाडवांचा. चार नंबर फक्त पहिल्या थरावर फिरत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या थरावर काळांची सांगड कशीही चालते, म्हणूनच मस्टरचं वाक्य कुठल्याही मथळ्याखाली येईना.

‘अनलेस’विषयी थोडक्यात. आपल्या बोर्डाच्या परीक्षांत ‘इफ’चं वाक्य ‘अनलेस’ वापरून पुन्हा लिहायला सांगतात आणि ‘अनलेस म्हणजे इफ नॉट’ हे समीकरण पोरांच्या हाडीमाशी खिळतं. पेपरापुरतं ते चालतं. पण ‘तो आला नाही तर मला नवल वाटेल’ याला ‘अनलेस’ लावा: ‘आय विल बी सरप्राइज्ड अनलेस ही कम्स’. अर्थ काहीच्या बाही झाला. आता म्हणे मी नवल करतच बसणार, तो आला तरच थांबणार. ‘अनलेस’ अपवाद सांगतं, एवढंच एकदा नीट सांगितलं तर पुरे.

‘इफ आय वर’ आणि ‘इफ आय वॉज’ हा वाद मला तरी फुकटचा वाटतो. ‘वर’ हा जुन्या इंग्रजीतल्या कल्पनार्थी रूपाचा उरलेला अवशेष, आणि तोही फक्त ‘बी’ या एका क्रियापदापुरता. लिहिताना ‘वर’ घ्यावा, बोलताना ‘वॉज’ आलं तर जीभ चावायचं कारण नाही. ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणण्याची रीत मात्र ओळखीची हवी: ‘हॅड आय नोन’, ‘शुड यू नीड’, ‘वर ही टु रिफ्यूज’. बँकेच्या, विम्याच्या पत्रांत आणि कंपन्यांच्या ईमेलमध्ये ती पदोपदी भेटते, आणि ‘शुड यू रिक्वायर’ने सुरू झालेलं वाक्य प्रश्न समजून त्याला उत्तर देणारे लोक असतात. इंग्रजीतली सगळ्यांत गाजलेली ‘इफ’ मात्र साध्या, खुल्या जातीची आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ‘इफ’ ही कविता १९१० मध्ये पुस्तकात आली. बत्तीस ओळींत अटीमागून अटी आणि परिणाम अगदी शेवटी. क्रियापद एकदाही पायरी उतरत नाही. उतरलं असतं, तर तो उपदेश राहिला नसता, हळहळ झाली असती.

हळहळीवरून क्रिकेट आठवतं. १९९९ च्या विश्वचषकात हेडिंग्लीला दक्षिण आफ्रिकेच्या गिब्जनं स्टीव्ह वॉचा हातात आलेला झेल चेंडू उडवण्याच्या घाईत सोडला. वॉ नाबाद १२० काढून गेला आणि ऑस्ट्रेलियानं सामना जिंकला. पुस्तकी इंग्रजीत याला दोन पायऱ्या हव्यात: ‘इफ ही हॅड हेल्ड दॅट कॅच’. पण सामन्यावर बोलणारे माजी खेळाडू सरळ ‘इफ ही होल्ड्स दॅट, साउथ आफ्रिका विन’ म्हणतात. ब्रिटिश फुटबॉलवाल्यांची तर ही कायमची बोली. जे घडलं नाही, तेही मागच्या काळात घडलं नाही, आणि क्रियापद साधं वर्तमानकाळी! झेल परत एकदा डोळ्यांपुढे चालू असतो, तेव्हा पायऱ्या मोजायला सवड कुणाला? कट्ट्यावरचा मराठी माणूसही ‘कॅच घेतला असता तर मॅच आपली होती’ म्हणतो. पहिला तुकडा नियमानं, दुसरा ठाम भूतकाळात, कारण मॅच त्याच्या मते खरंच आपली होती. परीक्षेत यातलं काही लिहू नये. ऐकताना मात्र चूक म्हणून नाक मुरडू नये.

राहिला तर्काचा मुद्दा. बाप म्हणतो, ‘ऐंशी टक्के पडले तर सायकल घेईन.’ अठ्ठ्याहत्तर पडले तर काय, हे तो बोललेलाच नसतो. पण मुलगा समजून जातो. गाइस आणि झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये लॉनचं गवत कापण्याच्या बक्षिसीचं उदाहरण घेऊन हेच मांडलं: ‘इफ’ ऐकणारा ‘तरच’ स्वतःहून गृहीत धरतो. गप्पांत हे बरोबर आहे. करारात, सरकारी अर्जात, परीक्षेच्या सूचनांत ते महागात पडू शकतं, म्हणून तिथे ‘ओन्ली इफ’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ असे पट्टे आवळलेले असतात. कॉम्प्युटरला असलं काही गृहीत धरता येत नाही. एक्सेलमधल्या ‘इफ’मध्ये अट, खरी ठरली तर काय आणि खोटी ठरली तर काय, असे तीन रकाने त्यासाठीच ठेवलेले असतात. आणि तिथे ‘इफ’ एकाच जातीचं, खुल्या. पश्चात्तापाची सोय कुठल्याच प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नाही.

मला विचाराल तर चार कंडिशनल हे शिकवण्याचं साधन म्हणून टाकाऊ नाहीत, पण ते शेवटी यावेत. मराठी माध्यमातल्या मुलाकडे या विषयाची निम्मी तयारी घरूनच झालेली असते. त्याला ‘असेल’ आणि ‘असता’ यांतला फरक कळतो, ‘पडला तर’ म्हणजे उद्याची गोष्ट हे कळतं, ‘बोलायचं होतं’ यातली अदब कळते. इंग्रजीचे तास मराठीला वर्गाबाहेर उभं करून चालतात, आणि नेमकं हेच भांडवल वाया जातं. आठवी-नववीच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे: फळ्यावर आधी गाडीचं वाक्य मराठीत लिहा, ते आजचं की कालचं हे मुलांना भांडून ठरवू द्या, मग एक पायरी की दोन ते त्यांनाच मोजू द्या. नंबर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सांगितले तरी चालतील.